पावणेचार इंचांचं विश्व

१९७७ च्या नाताळात अमेरिकेतल्या कित्येक मुलांना भेट म्हणून एक मोठं, चपटं पाकीट मिळालं. आत खेळणं नव्हतंच. होता एक रंगीत पुठ्ठा, काही स्टिकर, एका क्लबचं सभासदकार्ड आणि एक प्रमाणपत्र. ते भरून टपालात टाकायचं, म्हणजे नव्या वर्षात चार बाहुले घरपोच येणार होते. ल्यूक स्कायवॉकर, राजकन्या लेया, केसाळ च्युबाका आणि आर-टू-डी-टू नावाचा डबा-यंत्रमानव. आईबापांनी पैसे मोजून मुलांच्या हाती वायदा ठेवला, आणि मुलं तो पुठ्ठा कपाटावर मांडून टपालवाल्याची वाट बघत बसली.

ही वेळ आली ती घाईमुळे. ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ ला पडद्यावर आला, तोपर्यंत त्याच्या खेळण्यांकडे कुणी फारसं गांभीर्याने पाहिलं नव्हतं. या धंद्यातल्या मेगो या बड्या कंपनीने हक्क घ्यायला नकार दिला होता. शेवटी ते घेतले ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीच्या केनरने. तिची मालक कंपनी जनरल मिल्स, म्हणजे पीठ आणि न्याहारीचे सिरियल विकणारी. चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या आणि केनरची धांदल उडाली. मूळ शिल्प घडवायचं, पोलादी साचे करायचे, हाँगकाँगच्या कारखान्यात माल काढायचा, रंगवायचा आणि जहाजाने आणायचा, हे काम सहा महिन्यांत उरकणारं नव्हे. म्हणून मग पाकीट. तेच पाकीट आज, न वापरलेल्या प्रमाणपत्रासह सापडलं, तर संग्राहकाच्या घरी सण असतो. गंमत अशी, की २००५ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने ही रिकामी भेट मुद्दाम पुन्हा बाजारात आणली. आधी नाइलाज होता, आता तो आठवणीचा माल झाला.

या छंदाचं मर्मच बहुधा इथे आहे. जे व्यवस्थित, वेळेवर आणि लाखांनी बनलं, त्याला फारसा भाव नाही. कारखान्याची चूक, घाई, काटकसर किंवा माघार ज्याच्या अंगावर दिसते, त्याच्यामागे लोक वेडे होतात.

पण आधी उंचीबद्दल. तोवर मुलग्यांसाठीचे बाहुले आठ इंच, बारा इंच असे असत. (त्यांना बाहुले म्हणायचं नाही, असा दंडक होता; मुलगे ‘डॉल’ घेणार नाहीत या धास्तीपोटी हॅस्ब्रोने १९६४ मध्ये जी.आय. जो या सैनिक बाहुल्यासाठी ‘अॅक्शन फिगर’ हा शब्द रूढ केला.) बारा इंची हान सोलो हा वैमानिक करायचा, तर त्याला बसवायला ‘मिलेनियम फाल्कन’ हे यान खोलीएवढं करावं लागलं असतं. केनरचे प्रमुख बर्नार्ड लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी यांत अंतर धरून ‘एवढा केला तर?’ असं विचारलं आणि कुणीतरी ते मोजलं, अशी गोष्ट सांगतात. माप भरलं पावणेचार इंच. मान, दोन खांदे, दोन मांड्या एवढेच पाच सांधे. गुडघा वाकत नाही, त्यामुळे बसलेला ल्यूक पाय ताठ पसरून बसतो, एखाद्या हट्टी पोरासारखा. पण हा खिशात मावत होता, साधारण दोन डॉलरला मिळत होता, आणि मुख्य म्हणजे त्याला राहायला घर, फिरायला यान घेऊन देता येत होतं. एकट्या १९७८ मध्ये केनरने चार कोटींहून जास्त नग विकले.

हेच माप पुढे सगळ्या धंद्याने उचललं. १९८२ मध्ये जी.आय. जो पावणेचार इंची होऊन परतला, आणि त्याच मापातून धागा थेट गोव्यापर्यंत येतो. हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये उभी राहिलेली फनस्कूल आणि तिचा गोव्यातला कारखाना. हॅस्ब्रोच्या साच्यांतून काढलेले, पण रंगसंगती भलतीच असलेले फनस्कूलचे जो अमेरिकेतले संग्राहक आवडीने गोळा करतात. नव्वदच्या दशकात इथल्या मुलांनी ज्यांना वाळूत पुरलं, त्यांतला एखादा आज कुणा अमेरिकन माणसाच्या काचेच्या कपाटात दिव्याखाली उभा असेल.

आता चुकांकडे. पहिल्या बारा फिगरांत जावा नावाचा बुटका वाळवंटी भंगारवाला होता. त्याला प्रथम व्हायनिलचा झगा दिला. इतरांच्याच किमतीचं हे इवलंसं खेळणं त्या प्लास्टिकच्या तुकड्यात अगदीच दरिद्री दिसू लागलं, म्हणून कापडी झगा आला. झालं, व्हायनिलवाला जावा दुर्मीळ ठरला. मग चलाखांनी ओबी-वान केनोबी या दुसऱ्या फिगरचा व्हायनिल झगा कापून जावाला चढवायला सुरुवात केली. आज कडेची कापणी, जाडी आणि पोत पाहिल्याशिवाय जाणकार खिशात हात घालत नाहीत.

त्याहून मजेशीर प्रकरण स्नॅगलटूथचं. सिनेमातल्या दारूच्या गुत्त्यातला हा एक किरकोळ प्राणी. मूर्तिकारांसमोर फक्त त्याचा कमरेपर्यंतचा फोटो होता. त्यांनी अंदाजाने त्याला उंच केलं, निळा पोशाख दिला, चंदेरी बूट घातले आणि १९७८ मध्ये सिअर्स या दुकानसाखळीच्या खास संचात तो विकला गेला. पडद्यावर मात्र तो बुटका आणि लाल पोशाखातला. दुरुस्ती झाली, लाल बुटका दुकानात आला, आणि चुकलेला निळा घराण्यातला रुसलेला काका होऊन मान मिळवून बसला.

सर्वांत मोठी माघार बोबा फेट या भाडोत्री शिकाऱ्याची. १९७९ मध्ये केनरने जाहीर केलं, की चार खरेदीचे पुरावे कापून पाठवा, पाठीवरून खरोखर रॉकेट उडवणारा बोबा फेट मिळेल. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातलं क्षेपणास्त्र घशात अडकून एक लहान मूल दगावलं. केनरने स्प्रिंग काढली, रॉकेट पक्कं चिकटवलं आणि मुलांना तसाच बोबा धाडला. रॉकेट उडवणारा नमुना दुकानापर्यंत कधी पोचलाच नाही; कारखान्यातून बाहेर निसटलेले मोजके नमुने तेवढे उरले. त्यांतला एक २०२४ मध्ये हेरिटेज या लिलावघराने सव्वापाच लाख डॉलरला विकला. ज्या मुलांनी कात्री घेऊन चार पुरावे कापले होते, त्यांतले काही आज साठीला टेकलेले आहेत, आणि लिलावात हात वर करणाऱ्यांतही त्यांचीच पिढी आहे.

भाव ठरण्याची पद्धत परक्याला चमत्कारिक वाटेल. ‘लूज’ म्हणजे उघडा, खेळलेला. त्याहून वर पुठ्ठ्यावर पारदर्शक फुग्यात बंद असलेला. त्या पुठ्ठ्याच्या मागे किती फिगरांची चित्रं छापली आहेत ते मोजतात. बाराच असतील तर तो अगदी सुरुवातीचा. मग परीक्षण करणाऱ्या संस्था त्याला गुण देऊन अॅक्रिलिकच्या डबीत कायमचा बंद करतात. उघड्या फिगरच्या पायामागे हाँगकाँग, तैवान की मकाव कोरलंय ते भिंगातून पाहतात. हातातलं हत्यार अस्सल आहे का, हे बघायला काही जण ते पाण्यात सोडतात: अस्सल तरंगतं, नक्कल बुडते, असा ठोकताळा. तो दर वेळी खरा ठरत नाही, पण वाटीभर पाण्यात इंचभर बंदूक सोडून श्वास रोखून बसलेला पन्नाशीचा गृहस्थ हे दृश्य त्या ठोकताळ्याहून मोलाचं आहे.

प्लास्टिक मात्र कुणाचं ऐकत नाही. शुभ्र चिलखतातला स्टॉर्मट्रूपर सैनिक कालांतराने जुन्या दातांसारखा पिवळा पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवला की उजळतो. मग संग्राहकांत वाद पेटतो: हा जीर्णोद्धार, की फसवणूक? विकताना सांगितलं नाही तर फसवणूकच, याबद्दल दुमत नसावं.

कॅलिफोर्नियात पेटालुमाजवळ स्टीव्ह सॅन्सवीट यांचं ‘रँचो ओबी-वान’ आहे. ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या लुकासफिल्ममध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या या माणसाने एका जुन्या कोंबडीपालन केंद्रात आपला संग्रह मांडला. गिनीजने त्यातल्या नव्वद हजारांहून जास्त वस्तू मोजून विक्रम नोंदवला, आणि मोजायच्या राहिलेल्या त्याहून कितीतरी अधिक. इतक्या मोठ्या संग्रहाला आतलाच धोका असतो: २०१७ मध्ये उघड झालं, की ओळखीच्याच एका माणसाने तिथून शंभराहून जास्त मौल्यवान वस्तू चोरून विकल्या होत्या.

आणि प्लेसेट, म्हणजे फिगर मांडायचा देखावा. मराठी घरात ही कल्पना नवी नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्याला पायथा, बुरूज, पहारेकरी हे सगळं ठाऊक असतं. फरक एवढाच, की मावळ्याची तलवार मोडली तर पुढच्या वर्षी नवा मावळा येतो, जुना कुणी डबीत बंद करत नाही. केनर मात्र साचा फुकट जाऊ देत नसे. १९८३ चं झाडावरचं ‘इवॉक गाव’ १९९१ मध्ये थोड्याफार फेरफाराने रॉबिन हूडच्या सिनेमासाठी शेरवुडचं जंगल म्हणून विकलं गेलं. त्याच सिनेमाच्या खेळण्यांतल्या फ्रायर टकच्या अंगाखाली तर डुकरतोंड्या गॅमोरियन पहारेकऱ्याचं धड आहे.

सगळ्यांत देखणा प्लेसेट पहिल्या ‘डेथ स्टार’ या अवकाशातल्या किल्ल्याचा, १९७८ चा. एकावर एक मजले, वर तोफ, मधे उद्वाहक, खाली कचरा दाबायची कोठी आणि तिच्यात दडलेला राक्षस. इंग्लंडमध्ये पालिटॉय कंपनीने तोच किल्ला चक्क पुठ्ठ्याचा केला. तो दिसायला अधिक रुबाबदार, पण मुलांच्या हातून धड वाचलेला मिळणं कठीण. अमेरिकन संचात त्या कोठीसाठी फोमचे रंगीबेरंगी तुकडे दिले होते: कचरा म्हणून. पहिल्याच आठवड्यात ते सोफ्याखाली गेले, झाडूने निघाले, खऱ्या कचऱ्यात पडले. त्यामुळे आज कुणी हा संच विकायला काढला, की तोफ, दोर, राक्षस हे सगळं तपासून झाल्यावर गिऱ्हाईक शेवटी हमखास विचारतं, कचरा ओरिजिनल आहे ना?