धुराड्याचा विमा

'चिमणी' हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वापरतात. अंगणात दाणे टिपणारा लहानसा पक्षी ही पहिली चिमणी. वीज नसलेल्या घरात मिणमिणणारा रॉकेलचा दिवा ही दुसरी. बेकरीवर, वीटभट्टीवर किंवा जुन्या गिरणीवर दिसणारी, धूर सोडणारी उंच नळी ही तिसरी. या तिसऱ्या चिमणीला मराठीत धुराडे असेही म्हणतात. आपण येथे या धुराड्याची माहिती घेणार आहोत; पण कारखान्याच्या नव्हे, घराच्या धुराड्याची.

आपल्याकडे घराला धुराडे क्वचितच असते. इंग्लंड, अमेरिका अशा थंड देशांत मात्र जुन्या घरांच्या छपरावर विटांचे धुराडे हमखास दिसते. खाली दिवाणखान्यात शेगडी असते. तिच्यात लाकूड किंवा कोळसा जळतो. तापलेला धूर हलका असल्यामुळे धुराड्यातून वर चढतो, त्याच्या जागी खोलीतील हवा ओढली जाते आणि आग पेटती राहते. रचना साधी आहे. पण घरातील दुसरा कोणताही भाग इतके सोसत नाही. आतून आग आणि धूर, बाहेरून ऊन, पाऊस, वारा आणि बर्फ. शिवाय तो छपराच्या वर एकटाच उभा असतो आणि तेथे सहसा कोणी चढून पाहत नाही.

हे धुराडे पडले किंवा फुटले, तर खर्च कोणी करायचा? घरमालकाने, की त्याने ज्या कंपनीकडे घराचा विमा उतरवला आहे तिने?

विमा म्हणजे तुमचा 'बीमा'. या व्यवहारातले करार, हप्ता, दावा, नुकसान हे शब्दही तुम्हांला घरूनच ओळखीचे आहेत. घरमालक दर वर्षी ठरलेला हप्ता कंपनीला देतो. घरावर संकट आले, तर कंपनी नुकसान भरून देते. हजारो लोकांनी थोडे थोडे पैसे भरायचे आणि त्यांतून ज्या मोजक्या लोकांवर संकट कोसळेल त्यांना सावरायचे, अशी ही योजना आहे.

घराच्या विम्याचा जन्मच आगीतून झाला. १६६६ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या पुडिंग लेन या गल्लीतील एका बेकरीत आग लागली. घरे लाकडी आणि एकमेकांना चिकटलेली होती. चार दिवसांत सुमारे तेरा हजार घरे जळून गेली. त्यानंतर शहरात घरे विटांची किंवा दगडाचीच बांधावीत असा कायदा झाला. निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने १६८० च्या सुमारास घरांचा आगीचा विमा उतरवणारी कचेरी काढली. हे गृहस्थ शिकले वैद्यकी आणि नाव काढले घरे बांधण्यात! त्यांच्या कचेरीत लाकडी घराचा हप्ता विटांच्या घराच्या दुप्पट होता. म्हणजे विमा देणारा माणूस सुरुवातीपासून दोन प्रश्न विचारत आला आहे. धोका किती आहे? आणि तो कमी ठेवण्यासाठी मालकाने काय केले आहे?

धुराड्याच्या बाबतीत आजही याच प्रश्नांवर सगळे अवलंबून असते. घराच्या विम्यात धुराडे हा घराचाच भाग मानतात. त्याच्यावर वीज पडली, वादळात झाड कोसळले, घराला आग लागली, तर साधारणपणे कंपनी भरपाई देते. हे नुकसान अचानक होते आणि त्याची तारीख सांगता येते. पण विटांमधल्या दर्जांतला चुना वर्षानुवर्षे पावसाने धुपून गेला, वीट भुसभुशीत झाली, धुराडे हळूहळू एका बाजूला कलले, तर कंपनी पैसे देत नाही. याला झीज म्हणतात. झीज अमुक दिवशी झाली असे कोणी सांगू शकत नाही. ती रोजच होत असते आणि तिच्याकडे लक्ष देणे हे मालकाचे काम असते.

थंड देशांत या झिजेला बर्फाची मोठी मदत होते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दर्जेतील बारीक फटीत पावसाचे पाणी शिरते, रात्री गोठते आणि फट थोडी रुंद करते. दिवसा बर्फ वितळतो. आता त्या फटीत जास्त पाणी मावते. पुन्हा रात्र होते. असे अनेक हिवाळे गेले, की वीट पापुद्र्यांनी सुटू लागते. खालून पाहणाऱ्याला मात्र धुराडे धडधाकट दिसते.

आतल्या बाजूची कथा वेगळी आहे. लाकडाचा धूर वर जाताना थंड होतो आणि धुराड्याच्या आतल्या भिंतींवर काजळी व डांबरासारखा चिकट थर बसतो. या थराला क्रिओसोट म्हणतात. ओले लाकूड जाळले, तर तो लवकर साठतो. एखाद्या दिवशी शेगडीतील ठिणगी वर उडते आणि हा थरच पेट घेतो. मग धुराड्याच्या आत आग लागते. तिची उष्णता एक हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. आतील मातीच्या नळ्यांना तडे जातात आणि त्या तड्यांतून आग छपराच्या लाकडापर्यंत पोहोचते. काही वेळा धुराड्यातून मोठा आवाज येतो व ज्वाळा बाहेर पडतात. तर काही वेळा आग आतल्या आत पेटून विझते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. तडे मात्र राहतात.

खरी अडचण येते ती येथेच. समजा, रात्री मोठे वादळ झाले आणि सकाळी एका घराचे धुराडे अंगणात पडलेले दिसले. मालक दावा करतो, 'वादळाने पाडले.' कंपनी आपला सर्व्हेअर पाठवते. तो पडलेल्या विटा उलटून पाहतो. तुटलेली बाजू स्वच्छ आणि ताज्या रंगाची असेल, तर वीट काल रात्री तुटली. तिच्यावर काजळी, शेवाळ किंवा मातीचा थर असेल, तर तो तडा जुना आहे. चुना बोटांनी चुरडला जातो का, हेही तो पाहतो. त्या रात्री वाऱ्याचा वेग किती होता, शेजारची धुराडी उभी आहेत का, याची तो नोंद घेतो. शेजारची सगळी उभी आणि हेच एक पडले, तर त्याच्या मनात शंका येणारच. वादळ खरे होते आणि झीजही खरी होती. मग धुराडे कोणामुळे पडले? अशा वेळी कंपनी कधी पूर्ण रक्कम देते, कधी दावा नाकारते, तर कधी दोघांत वाद होतो. ज्याच्याकडे मागच्या वर्षीच्या तपासणीचा कागद आणि धुराड्याची छायाचित्रे असतात, त्याची बाजू भक्कम होते. ज्याच्याकडे काहीच नसते, त्याला आपले म्हणणे पटवून देणे जड जाते. तो खोटे बोलतो असे नाही. पण शब्दाला पुरावा नसतो.

भूकंपाचा नियम तर देशागणिक बदलतो. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप धरत नाहीत. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. हजारो घरांची विटांची धुराडी त्यात पडली किंवा फुटली. भूकंपाचा विमा असला, तरी त्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा मालकालाच सोसावा लागतो. समजा, घराचा विमा ३ लाख डॉलरचा आहे आणि मालकाचा हिस्सा १५ टक्के ठरला आहे. म्हणजे पहिले ४५ हजार डॉलर मालकाचे. केवळ धुराडेच पडले असेल, तर त्याचा खर्च सहसा यापेक्षा कमी असतो. मग विमा असूनही हाती काही येत नाही. हप्ता भरण्यापूर्वी हा हिशेब फारच थोडे लोक करतात.

पक्ष्यांचेही धुराड्याशी जुने नाते आहे. इंग्लंडमध्ये एका जातीचे कावळे धुराड्यात काटक्या टाकून घरटे करतात. अमेरिकेत पाकोळीसारखा दिसणारा एक पक्षी धुराड्यातच राहतो आणि त्याचे नावही धुराड्यावरूनच पडले आहे. घरट्याने धुराचा मार्ग बंद झाला, तर विषारी वायू खोलीत साठतो. तरीही त्या अमेरिकन पक्ष्याचे अंडी-पिल्लांचे घरटे काढायला तेथे कायद्याने बंदी आहे. पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे लागते. पक्ष्यांमुळे झालेली नासधूस बऱ्याच विमापत्रांत आधीच वगळलेली असते.

म्हणून देखभाल. वर्षातून एकदा तरी धुराडे तपासावे आणि गरज असेल तर साफ करावे, असे तेथील अग्निसुरक्षेचे जाणकार सांगतात. इंग्लंडमध्ये गवती छपराच्या घराचा विमा उतरवताना अनेक कंपन्या साफसफाईची अटच घालतात. सफाई करणारा कारागीर लांब काठीचा ब्रश आणि धूळ ओढणारे यंत्र घेऊन येतो आणि काम झाल्यावर प्रमाणपत्र देतो.

हे काम पूर्वी कोण करत असे, ते वाचले की मन सुन्न होते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ते लहान मुले करत. धुराडी इतकी अरुंद असत, की मोठा माणूस आत मावत नसे. गरीब घरांतील आणि अनाथ मुले कोपरांनी व गुडघ्यांनी रेटा देत काजळीतून वर चढत. कित्येक अडकून गुदमरत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिले, की या कामगारांना होणारा एक कर्करोग काजळीमुळे होतो. १७८८ मध्ये आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवू नये असा कायदा झाला. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवू नये असे ठरले. कायदे कागदावरच राहिले, कारण ते मोडणाऱ्याला धाक नव्हता. फेब्रुवारी १८७५ मध्ये जॉर्ज ब्रुस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाचे धुराडे साफ करताना आत अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले. पण तो वाचला नाही. त्याच्या मालकाला शिक्षा झाली. त्याच वर्षी नवा कायदा आला आणि धुराडी साफ करण्यासाठी पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला. परवाना जाण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा मुलांना धुराड्यात चढवणे थांबले.

आपल्या देशातही थंड भागांत धुराचे नळ आहेत. काश्मीरमध्ये हिवाळ्यात घरात बुखारी पेटवतात. तिचा पत्र्याचा नळ भिंतीतून किंवा छपरातून बाहेर काढलेला असतो. लाकडी छपराजवळून जाणारा तापलेला नळ आणि आत साठलेली काजळी, धोका तोच.

१ एप्रिल २०२१ पासून भारतात 'भारत गृह रक्षा' नावाचे घरविम्याचे एकसारखे विमापत्र मिळते. आग, वीज, वादळ, पूर आणि भूकंप हे सगळे त्यात येतात. घराचा विमा उतरवला, की घरातील सामानालाही घराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते.

आता शहरांतील स्वयंपाकघरांत चुलीवर धूर ओढणारे विजेचे यंत्र बसवतात. लोक त्यालाही चिमणीच म्हणतात! त्याच्या जाळीत तेलाचा थर साठतो. जाळी वेळेवर गरम पाण्याने धुतली नाही, तर यंत्रावर ताण येतो आणि आगीचे भयही असते. समजा, या चिमणीत विजेचा दोष निर्माण होऊन ती जळाली आणि आग शेजारच्या कपाटापर्यंत गेली. वर सांगितलेल्या विमापत्रात अशा वेळी कपाटाची भरपाई मिळते. चिमणीची मात्र मिळत नाही, कारण विजेच्या दोषाने जे यंत्र स्वतःच जळते, तेवढे त्यातून वगळलेले आहे. विमापत्रातील हे कलम बारीक अक्षरांत असते आणि बहुतेक वेळा ते घरात प्रथम वाचले जाते ते आग विझल्यानंतर.