हवेत आजोबा दिसतील का? होलोग्रामचं खरं-खोटं

या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. सांगलीकडच्या आपल्या एका श्रोत्याने लिहिलं होतं: "दादा, घरी आजीची पंचाहत्तरी आहे. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. एक इव्हेंटवाला म्हणतो, हॉलच्या मधोमध आजोबांचा होलोग्राम उभा करतो. पडदा नाही, काही नाही, थेट हवेत. लोक चारी बाजूंनी बघतील. ऐंशी हजार रुपये सांगतोय. आम्ही सगळी भावंडं पैसे काढतोय. हे खरंच होतं का?"

थोडक्यात उत्तर असं: आजोबा दिसतील. पण नुसत्या हवेत नाही, आणि चारी बाजूंनी तर नाहीच. आता हे का, ते नीट समजून घेऊ. कारण हे एकदा कळलं की पुढे 'होलोग्राम' म्हणून कोणी काहीही विकायला आलं, तरी तुम्ही दोन मिनिटांत ओळखाल.

दोरीचा नियम

एखादी गोष्ट आपल्याला दिसते म्हणजे काय होतं? तिथून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यात शिरतो. बस, एवढंच. आणि प्रकाश सरळ जातो. हवेत मध्येच थांबून, वळून तो तुमच्याकडे येत नाही.

मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरून लेझरचे पट्टे निघतात ना, ते आपल्याला बाजूने दिसतात कशामुळे? धूर आणि धुळीमुळे. त्या कणांवर प्रकाश आपटतो आणि थोडासा आपल्या दिशेने उडतो. हवा अगदी स्वच्छ असती, तर लेझर समोरच्या भिंतीवर ठिपका म्हणून दिसला असता, पण मधला पट्टा दिसलाच नसता.

म्हणून मी एक साधा नियम वापरतो. आपल्या डोळ्यापासून त्या चित्रातल्या एका बिंदूपर्यंत मनातल्या मनात दोरी ताणायची आणि तशीच सरळ पुढे न्यायची. त्या दोरीवर कुठेतरी एखादी वस्तू असलीच पाहिजे. चित्राच्या अलीकडे काच असेल, पलीकडे पडदा असेल, नाहीतर चित्राच्या जागीच एखादा कण असेल. पूर्ण दोरीवर नुसती हवा असेल, तर चित्र दिसणार नाही.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये तो छोटा रोबो राजकन्या लेआचं चित्र हवेत उभं करतो. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात 'होलोग्राम' म्हणजे तेच. आता दोरी ताणून बघा. रोबो एका बाजूला, लेआ मध्ये, बघणारा समोर. दोरी लेआमधून जाते आणि मागे नुसती हवा. हा सीन या नियमात नापास होतो, प्रोजेक्टर कितीही भारी असला तरी.

मग आपण जे बघितलं ते काय होतं?

रात्री एसटीत खिडकीजवळ बसलात की स्वतःचा चेहरा बाहेर शेतात तरंगताना दिसतो. ही युक्ती रंगमंचावर वापरली की तिला 'पेपर्स घोस्ट' म्हणतात. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून ती करून दाखवली. स्टेजवर तिरकी काच लावायची, लपवून ठेवलेल्या नटावर प्रकाश टाकायचा, त्याचं प्रतिबिंब भूत म्हणून स्टेजवर उभं राहतं.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात दिवंगत रॅपर तुपाक शकूर 'परत' आला, तोही याच युक्तीने. काचेच्या जागी पातळ पारदर्शक फिल्म, आणि लपलेल्या नटाच्या जागी व्हिडिओ. त्याच वर्षी गुजरात विधानसभेच्या प्रचारात नरेंद्र मोदींची भाषणं एकाच वेळी अनेक ठिकाणी 'थ्रीडी'त दाखवली गेली. तंत्र त्याच घराण्यातलं.

२३ जानेवारी २०२२ ला दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजींचा २८ फुटी होलोग्राम पुतळा सुरू झाला, तो आठवतो? सरकारी निवेदनातच लिहिलं होतं की ३०,००० ल्युमेन्सचा फोर-के प्रोजेक्टर आहे, आणि ९० टक्के पारदर्शक असा पडदा लोकांना दिसणार नाही अशा बेताने उभा केलाय. म्हणजे पडदा होताच.

सराफाच्या दुकानात फिरणारी अंगठी दाखवणारा 'होलोग्राम फॅन' म्हणजे एलईडी लावलेली पाती. ती इतक्या जोरात फिरतात की पाती दिसत नाहीत, फक्त दिव्यांचं चित्र दिसतं. बाजूला जाऊन बघा, चित्र चपटं होतं.

आता माझी कबुली. बीटेकला असताना आम्ही सीडीच्या कव्हरचा पिरॅमिड कापून फोनवर ठेवला आणि प्रदर्शनात 'थ्रीडी होलोग्राम' असा फलक लावला. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम शांतपणे टेबलाला वळसा घालून मागे गेल्या. मागेही पुढचाच चेहरा! कारण चारही बाजूंना एकच व्हिडिओ चालू होता. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण याचं डोकं मागून कसं दिसतं?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधतानाच मी हा सगळा विषय वाचायला लागलो.

खरा होलोग्राम काय असतो?

साधा फोटो फक्त एवढंच नोंदवतो की कुठून किती प्रकाश आला. होलोग्राम प्रकाशाच्या लाटांची लयसुद्धा नोंदवतो. दोन लाटा एकमेकींवर आल्या की बारीक रेघांची नक्षी तयार होते, तीच नोंदवायची. नंतर तिच्यावर योग्य प्रकाश टाकला की मूळ वस्तूवरून निघाल्या होत्या तशाच लाटा पुन्हा निघतात. डोळ्याला वाटतं, वस्तू तिथेच आहे. डोकं हलवलं तर तिची बाजूही दिसते.

ही कल्पना १९४७ मध्ये डेनिस गॅबर यांना सुचली, तीही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारताना. लेझर आला १९६० मध्ये, त्यानंतर चांगले होलोग्राम जमायला लागले. गॅबर यांना १९७१ चं नोबेल मिळालं.

पण हा खरा होलोग्रामसुद्धा दोरीचा नियम मोडत नाही. तो खिडकीसारखा आहे. चित्र खिडकीच्या आत किंवा थोडं बाहेर आलेलं दिसेल, पण नजर खिडकीच्या चौकटीबाहेर गेली की चित्र कापलं जातं.

"मग फोनच्या स्क्रीनवर हलता होलोग्राम का नाही?" चला, गणित करू. दोन्ही बाजूंना साधारण तीस-तीस अंशांपर्यंत चित्र दिसायचं असेल, तर एक पिक्सेल अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास हवा. आपल्या फोनचा पिक्सेल साधारण ६० मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीचा.

फोनची स्क्रीन ७ बाय १५ सेंटिमीटर धरा. अर्ध्या मायक्रॉनने भागलं की १,४०,००० गुणिले ३,००,००० पिक्सेल. म्हणजे ४,२०० कोटी. तुमच्या आत्ताच्या फुल एचडी फोनवर असतात साधारण २६ लाख. सोळा हजार पट! एका पिक्सेलला एक बाइट धरला, तर एका फ्रेमला ४२ जीबी. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे २,५०० जीबी. रोजचा २ जीबी डेटा एका मिलिसेकंदाच्या आत संपला. आणि हा हिशोब फक्त एका रंगाचा. कॉम्प्रेशनने तो कमी होईल, पण तेवढे बारीक पिक्सेल तर प्रत्यक्ष बनवावेच लागतील ना.

म्हणून कंपन्या सोपा मार्ग घेतात. रेड या अमेरिकन कॅमेरा कंपनीने २०१८ मध्ये 'होलोग्राफिक' डिस्प्लेचा 'हायड्रोजन वन' फोन आणला, १,२९५ डॉलर्सपासून पुढे. खरं तर तो चार वेगवेगळ्या कोनांतली चित्रं वेगवेगळ्या दिशांना पाठवत होता. पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला.

हवेतच कण ठेवला तर?

दोरीवर काहीतरी हवं, तर मग चित्राच्या जागीच काहीतरी ठेवू, असा विचार काही शास्त्रज्ञांनी केला. मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

जपानमध्ये योइची ओचिआई यांच्या गटाने २०१५ मध्ये फेमटोसेकंद लेझरने हवेचाच प्लाझ्मा करून प्रकाशाचे ठिपके तयार केले. बोटाने स्पर्श करता येईल असे! पण चित्राचा आकार साधारण एक घनसेंटिमीटर.

२०१८ मध्ये अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या डॅनियल स्मॉली यांच्या गटाने सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण लेझरने हवेत पकडला, तो भराभर फिरवला आणि त्याच्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश टाकला. अंधारात उदबत्ती गरगर फिरवली की गोल दिसतो, तसंच हे. चित्रं बोटाच्या पेराएवढी, पण खरोखर हवेत आणि सगळीकडून दिसणारी.

२०१९ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात र्‍युजी हिरायामा, श्रीराम सुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी लेझरऐवजी आवाज वापरला. वर २५६, खाली २५६ छोटे स्पीकर. ४० किलोहर्ट्झचा आवाज, जो आपल्याला ऐकू येत नाही, गाडीच्या पार्किंग सेन्सरमध्ये असतो तसा. त्या आवाजाच्या दाबाने थर्माकोलचा २ मिलिमीटरचा दाणा हवेत धरायचा आणि सेकंदाला पावणेनऊ मीटरपर्यंतच्या वेगाने नाचवायचा. त्याच स्पीकरमधून आवाज ऐकवता येतो आणि हाताला हलका स्पर्शही जाणवून देता येतो.

मग अडचण कुठे आहे? पहिली, एकच कण सगळं चित्र रंगवतो. डोळ्याला ते एकसंध वाटायचं तर दहाव्या भागाच्या सेकंदात सगळं काढून व्हायला हवं. साधा आकार जमतो, माणसाचा चेहरा नाही. बातम्यांमध्ये आलेले रंगीत, गुंतागुंतीचे फोटो कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेले होते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. हा ठिपका सगळ्या दिशांना प्रकाश फेकतो, मागचं काही झाकत नाही. म्हणजे चेहऱ्यातून डोक्याची मागची बाजू आरपार दिसणार. परीक्षक मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं खरं, पण चेहरा आणि मागचं डोकं दोन्ही एकदम!

मग हे सगळं वाया का?

अजिबात नाही. फक्त जिथे ते बसतं तिथे वापरायचं. २०२२ मध्ये टोकियोतल्या काही सेव्हन-इलेव्हन दुकानांत बिलाची बटणं हवेत तरंगताना दिसायची, हात न लावता दाबायची. खास बनवलेली प्लेट प्रकाश पुन्हा हवेत एकत्र आणते. समोर उभ्या असलेल्या एकालाच दिसलं तरी चालतं, उलट पिन टाकताना ते चांगलंच. गुगलचं 'बीम' मोठ्या खास पडद्यावर समोरचा माणूस चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवतं. म्हणजे बघणारा एक असेल, जागा ठरलेली असेल, तर हे तंत्र आजच कामाचं आहे. हॉलभर पाहुणे आणि मधोमध उभे आजोबा, हे मात्र नाही.

इव्हेंटवाल्याला काय विचारायचं?

तर मित्रा, तीन प्रश्न विचार.

एक: पडदा, जाळी किंवा काच *कुठे* आहे? 'आहे का' असं विचारू नकोस, 'नाही' म्हणतील. 'कुठे' विचार.

दोन: कुठपासून कुठपर्यंत बसलेल्यांना नीट दिसेल? उत्तर 'चारी बाजूंनी' आलं, तर आधी डेमो माग आणि आमच्या मॅडमसारखा मागे जाऊन बघ.

तीन: हॉलमध्ये किती अंधार लागेल? प्रकाशाने काळा रंग काढता येत नाही. काळं म्हणजे आरपार. आजोबा काळ्या टोपीतल्या फोटोत असतील, तर टोपीच्या जागी मागचा पडदा दिसेल. पांढरी टोपी, पांढरा सदरा असलेला व्हिडिओ निवड. आणि फक्त फोटो असेल तर तो चपटाच दिसणार, हे घरच्यांना आधी सांग. आजीने हात पुढे केला आणि तिथे जाळी लागली, असं त्या दिवशी व्हायला नको.

हा एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी त्याच्याशी फोनवर बोललो होतो. त्याने तिन्ही प्रश्न विचारले. इव्हेंटवाल्याने शेवटी कबूल केलं, जाळीचा पडदा आणि प्रोजेक्टर. मग भावंडांनी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "जाळीवर दिसूदेत की. बोलताना दिसले म्हणजे झालं." आता आत्याच्या लग्नाच्या कॅसेटमधला आजोबांचा छोटासा व्हिडिओ लावणार आहेत, बराच कमी खर्चात. आजीची खुर्ची पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध.

तुमच्याकडे कोणी 'होलोग्राम' म्हणून काही दाखवलं, तर आधी दोरी ताणून बघा, आणि दोरीवर काय सापडलं ते मला व्हॉइस नोटमध्ये नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!