शून्यापासून ९९९ पर्यंतचा चढ

ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला सर्वांत जिकिरीचं काम विचारा. तो सांगेल, पुस्तकांची सरकवासरकव. विज्ञानाची पुस्तकं वाढली की तंत्रज्ञानाची पुढच्या कपाटात ढकलायची, कलेची त्याच्याही पुढे. मजला भरला की उरलेली माळ्यावर. काही वर्षांनी एखादा विषय कुठे ठेवलाय हे फक्त जुन्या शिपायाला ठाऊक असतं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय या अडचणीला थेट भिडून बांधलं गेलं, म्हणून मला ते अलीकडच्या ग्रंथालयांमध्ये सर्वांत मोलाचं वाटतं.

त्याच जागेवरची ही तिसरी इमारत. १९०६ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून पहिली उभी राहिली, १९६० मध्ये दुसरी. दोन्ही अपुऱ्या पडल्या. २३ मे २००४ रोजी तिसरी खुली झाली. रेम कूलहास आणि जोशुआ प्रिन्स-रामुस या वास्तुविशारदांनी आधी ग्रंथालयाच्या कामांची विभागणी केली. वाहनतळ, कर्मचारी, बैठका, पुस्तकं आणि कार्यालय यांना प्रत्येकी स्वतंत्र पेटी दिली आणि या पेट्या एकमेकींवर थोड्या पुढे-मागे रचल्या. मधल्या मोकळ्या जागांत वाचकांचे दिवाणखाने झाले. सगळ्यावर पोलादी जाळी आणि काच ओढली. बाहेरून इमारत वेडीवाकडी दिसते ती या रचनेमुळे.

खरी कमाल सहाव्या ते नवव्या मजल्यावर आहे. तिथे मजले असे वेगळे नाहीतच. एकच सलग जमीन अगदी हलक्या उताराने वळत वळत वर जाते आणि तिच्यावर ड्युईच्या दशांश वर्गीकरणानुसार, म्हणजे विषयवार क्रमांकांनी लावलेली पुस्तकं ००० पासून ९९९ पर्यंत एका ओळीत आहेत. मध्ये कुठे जिना चढावा लागत नाही, ‘उरलेला भाग खालच्या मजल्यावर’ अशी पाटी नाही. चाकाच्या खुर्चीवरून आलेला वाचकही तत्त्वज्ञानापासून इतिहासापर्यंत सलग जाऊ शकतो. कपाटांच्या टोकांशी जमिनीत रबरी चटया बसवल्या आहेत, त्यांवर ठसठशीत वर्गांक. एखादा विषय फुगला की पुस्तकं पुढे सरकतात आणि त्यांच्यामागून चटईही उचलून पुढे मांडता येते. सुरुवातीला ६,२३३ कपाटांत सुमारे ७ लाख ८० हजार पुस्तकं होती. नवं कपाट न आणता साडेचौदा लाखांपर्यंत मावतील असा हिशेब आधीच केलेला. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाचव्या सूत्रात सांगून ठेवलं होतं. ते सूत्र इतक्या शब्दशः बांधकामात उतरलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. मराठी साहित्याचा ड्युई वर्गांक ८९१.४६. म्हणजे या चढावर त्याची जागा बरीच वर, इतिहासाच्या थोडी अलीकडे.

पहिल्या मजल्यावर, इतर भाषांतल्या पुस्तकांच्या दालनात, अ‍ॅन हॅमिल्टन या कलावतीने केलेली मेपलची लाकडी जमीन आहे. तिच्यात ११ भाषांतल्या ओळी कोरल्या आहेत. अक्षरं वर उठलेली आणि उलटी, छापखान्यातल्या खिळ्यांसारखी. चालताना ती तळपायाला जाणवतात. वाचायला मात्र वाकून, सावकाश एकेक अक्षर लावावं लागतं.

दहाव्या मजल्यावरच्या वाचनकक्षातून एलियट उपसागर दिसतो. चौथा मजला बैठकांच्या खोल्यांचा. भिंती, जमीन, छत सगळं लालभडक आणि कोपरा कुठेच नाही. मला तो सोसवला नाही. वाट सापडत नाही ही तक्रारही सुरुवातीपासून आहे आणि ती रास्त आहे: पिवळट हिरव्या सरकत्या जिन्यांनी वर जाणं सोपं, खाली उतरायची वाट मात्र शोधत बसावी लागते. पुस्तकांचा एवढा विचार करणाऱ्यांनी उतरणाऱ्या माणसाचाही करायला हवा होता.

पैसा नागरिकांनी दिला. १९९८ मध्ये शहराने मतदान घेऊन १९ कोटी ६४ लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. त्यातून ही इमारत तर झालीच, शिवाय वस्त्यांमधल्या शाखाही नव्याने बांधल्या किंवा दुरुस्त केल्या. जानेवारी २०२० पासून उशिरा परत केलेल्या पुस्तकांवरचा दंडही बंद आहे.