पुठ्ठ्यावरचा तेलाचा डाग

मुळशी-मावळच्या चिखलवाटा तुडवून आलेली जुनी जीप ताथवड्यातल्या एखाद्या गॅरेजात शिरली, की जाणता मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवतो. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघतो, बोट लावून वास घेतो. गंधकाचा उग्र वास म्हणजे ९० नंबरचं गिअर ऑइल. डाग मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला असेल, तर ॲक्सलचं ऑइल सील सुटलंय आणि तेल ब्रेकच्या लायनरवर उतरतंय. ताम्हिणी घाट उतरताना हा डाग जिवावर बेतू शकतो.

इलाज ठरलेला असतो: सील बदला. महिन्याभरात पुठ्ठ्यावर पुन्हा डाग, पुन्हा नवं सील. बिचाऱ्या सीलला इतका दोष देण्याआधी ते काम कसं करतं हे बघायला हवं.

शाफ्टला आवळून बसलेली रबरी कडी तेल अडवून धरते, असं आपल्याला वाटतं. ती खरोखर कोरडी घासत राहिली असती तर थोड्याच वेळात जळून गेली असती. रबराची धार आणि फिरता शाफ्ट यांच्यामध्ये जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा तेलाचा थर असतो, धार त्याच्यावर तरंगते. तरीही तेल बाहेर येत नाही, कारण सील हा एक चिमुकला पंप आहे. धारेचा तेलाकडचा उतार तीव्र, हवेकडचा सौम्य. शाफ्ट फिरला की रबरावरचे सूक्ष्म उंचवटे तिरके ताणले जातात आणि बाहेर निघालेलं तेल परत आत ढकलतात. सील उलटं बसवलं, तर हाच पंप तेल बाहेर काढू लागतो.

या पंपाला शाफ्टही तसाच लागतो. त्याचा खडबडीतपणा साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉनच्या दरम्यान हवा. फार गुळगुळीत असला तर तेलाचा थर टिकत नाही, फार खरखरीत असला तर धार झिजते. शाफ्ट लेथवर फिरवत पॉलिश पेपर आडवा सरकवला की त्यावर मळसूत्रासारखे बारीक चरे उठतात. डोळ्यांना शाफ्ट चकचकीत दिसतो, पण फिरताना स्क्रूसारखा तेल बाहेर वाहून आणतो. जुन्या सीलने शाफ्टवर खाच पाडली असेल, तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवणं हा त्यावरचा चांगला उपाय.

बेअरिंग ढिलं असेल तर मात्र हे सगळं व्यर्थ. शाफ्ट डुगडुगतो आणि धार त्याच्या मागे धावू शकत नाही. म्हणूनच मला ही गळती ॲक्सलच्या आजाराचं पहिलं लक्षण वाटते.

हा ॲक्सल कसा घडला तेही बघायला हवं. महिंद्राने विलिस जीप जोडायला सुरुवात केली, तिथून आपल्याकडच्या जुन्या जीपांचा वंश सुरू होतो. महायुद्धातल्या विलिसचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग होता: गाडीचं वजन हौसिंगवरची, म्हणजे ॲक्सलच्या कवचावरची, बेअरिंगं पेलायची, शाफ्ट फक्त पीळ सोसायचा, आणि तो तुटला तरी चाक जागेवर राहायचं. युद्धानंतर नागरी जीपला सेमी फ्लोटिंग ॲक्सल आला. त्यात शाफ्टवर पीळ आणि वजन दोन्ही येतं. त्याचं टोक निमुळतं, त्यावर हब एका चावीवर आणि नटवर धरलेला. नट ढिला पडला की चावी कातरली जाते. अशा गाडीला अखंड फ्लँजवाला शाफ्ट किंवा फुल फ्लोटिंग किट बसवणं हा खरा सुधार आहे.

शाफ्टवर पीळ येतो तरी किती? समजा इंजिनाचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३ पट, लो रेंज २.४६ पट, क्राऊन-पिनियन ५.३८ पट. गुणाकार पावणेपाच हजारांवर जातो. साधा डिफरन्शियल तो दोन्ही शाफ्टांत सारखा वाटतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे-मागे डिफरन्शियल लॉक मिळतात. तसे लॉक जुन्या जीपला बसवले आणि एक चाक हवेत लटकलं, तर त्या ॲक्सलचा सगळा पीळ एकाच शाफ्टवर येतो. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते: ३० ऐवजी ३३ मिलिमीटर केला, की पोलाद तेच असूनही ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त आणि मध्यभागी शून्य असतो, म्हणून इंडक्शन हार्डनिंगने शाफ्टची साल कडक करतात आणि गाभा चिवट ठेवतात. भोसरी-चाकण पट्ट्यात या कामाची जाण असलेले हात आहेत. पण शाफ्ट किती जाड करायचा याचा विचार हवा, कारण पुढचा कमजोर दुवा क्राऊन-पिनियन असेल. शाफ्ट रानात बदलता येतो, क्राऊन-पिनियन तिथे बदलणं फार कठीण.

एवढा खर्च करूनही एक फुटकळ वस्तू बहुतेकांच्या नजरेतून सुटते: हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारं छिद्र. चिखलाने तो बुजला आणि आतलं तापमान २५ वरून ८० अंशांवर गेलं, तर आतल्या हवेचा दाब १८ टक्के वाढतो आणि सीलमधून तेल बाहेर ढकलतो. याच्या उलट, ८० अंशांवर तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात घातला की आतला दाब सुमारे १५ टक्के घटतो. एवढी ओढ दीड मीटर उंचीचं पाणी तोलून धरू शकते. ब्रीदर मोकळा पण पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी शिरतं, बुजलेला असेल तर सीलच्या धारेखालून. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंच बांधून टाकावं, आणि ओढा ओलांडून आल्यावर ड्रेन प्लग उघडून तेलाचा रंग बघावा. दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदलावं.