गुरुजींचे चालणे

शिक्षकाचा सारा दिवस उभ्याने जातो. त्याला निराळा व्यायाम कशाला, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. परंतु उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. पाय अवघडतात, घसा बसतो, पण दम लागत नाही. शिणते ते मन. एकशिक्षकी शाळेत तर चार इयत्ता, हजेरीपट, माध्यान्ह आहाराचा हिशेब, सारे एकाच्याच माथी.

१९६१ नंतर पेडणे महालात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा बाहेरगावचे गुरुजी सडा तुडवीत येत. हौस म्हणून नव्हे, वाहनच नसे! पण दिवसभराचा त्रागा त्या वाटेवरच गळून पडत असावा. आता मोपाच्या सड्यावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात, आणि मास्तर, बाई स्कूटरवरून घरी पोचतात ते शाळा डोक्यात घेऊनच.

चालण्याने श्वास वाढतो, स्नायूंना काम मिळते, रात्री झोप लागते. चिंता व उदासीही कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा चालीने.

मात्र चालणे हे सर्वच दुखण्यांवरचे औषध नव्हे. झोप उडाली, कशातच मन लागेना, असे दोन आठवडे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. त्यात लाज कसली? १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य बोलताही येते.