ग्राहकाला थांबवा, पण कारण सांगून!



"किती वेळ लागेल?" असं ग्राहकाने विचारलं की आपल्या तोंडून काय निघतं? "होतंच आलंय, पाच मिनिटं!" मग त्या पाच मिनिटांची वीस मिनिटं होतात आणि ग्राहक वैतागतो. आज आपण अशा एका कंपनीबद्दल बोलू, जिने आपला उशीर लपवला नाही. उलट त्याचीच जाहिरात केली.

ही कंपनी म्हणजे गिनेस. १७५९ मध्ये आर्थर गिनेस यांनी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात वर्षाला ४५ पौंड भाड्याने जागा घेतली. करार किती वर्षांचा? ९,०००! त्यांची काळी बिअर पुढे जगभर गेली. आता, बिअर प्या असं मला अजिबात सांगायचं नाही. आपल्याकडे टीव्हीवर मद्याची थेट जाहिरातही करता येत नाही. आपल्याला शिकायची आहे ती धंद्याची गोष्ट.

अडचण काय होती?

नळाची गिनेस एका दमात ओतत नाहीत. ग्लास तिरका धरून साधारण पाऊण भरायचा, मग तसाच ठेवून द्यायचा. फेस वर बसला की उरलेला भरायचा. कंपनी याचा वेळ सांगते ११९.५ सेकंद. म्हणजे शेजारचा माणूस त्याची साधी बिअर प्यायलाही लागतो आणि तुम्ही अजून ग्लासाकडे बघत बसलेले!

पण त्यामागे कारण आहे. १९५९ पासून या बिअरमध्ये नायट्रोजन वापरतात. तो द्रवात सहज विरघळत नाही, त्याचे बुडबुडे अगदी बारीक असतात. म्हणून फेस सायीसारखा दाट येतो. ग्लासच्या मधोमध बिअर वर चढते, कडेने खाली उतरते आणि बारीक बुडबुड्यांना सोबत ओढते. त्यामुळे बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात! तपकिरी ढग हळूहळू काळा होतो, वर पांढरी साय जमते. थांबणाऱ्याला बघायला काहीतरी मिळतं.

जाहिरातीत काय केलं?

वाट बघणाऱ्याला चांगलं मिळतं, हेच त्यांनी घोषवाक्य केलं. १९९८ च्या जाहिरातीत एक म्हातारा जलतरणपटू समुद्रातून पोहत येतो. त्याची शर्यत कोणाशी? बारमध्ये भरल्या जाणाऱ्या ग्लासाशी! १९९९ मध्ये दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांची 'सर्फर' आली. कृष्णधवल पडदा, मोठ्या लाटेची वाट बघणारे तरुण, आणि लाट येते तेव्हा तिच्यातून उसळणारे पांढरे घोडे. २००० साली ब्रिटनमध्ये १०० सर्वोत्तम टीव्ही जाहिराती निवडल्या गेल्या, तेव्हा हीच पहिली आली. चव, किंमत, ऑफर यांवर भर नाही. विकली ती वाट बघण्याची मजा.

आपण काय घ्यायचं?

१. नेमका वेळ सांगा. "पाच मिनिटं" हे उत्तर नाही. वीस लागणार असतील तर वीसच म्हणा.

२. कारण दाखवा. तुमचा लाकडी घाणा आहे? तो हळू फिरतो म्हणून तेल फार तापत नाही, हे ग्राहकाला सांगा. घाणा मागच्या खोलीत असेल तर पुढे आणा. पुरणपोळी ऑर्डर आल्यावरच लाटत असाल तर तवा समोर ठेवा.

३. थांबण्याचं फळ हातात पडू द्या. पोळी गार निघाली तर सगळं बोलणं फुकट.

आणि एक लक्षात ठेवा. गिनेसच्या थांबण्यातून फेस बसतो, म्हणजे माल सुधारतो. तुमचा उशीर मसाला संपला म्हणून किंवा मुलगा कामावर आला नाही म्हणून होत असेल, तर त्याला घोषवाक्य नको, व्यवस्था हवी.

आजचं काम: तुमच्या धंद्यात ग्राहक कुठे कुठे थांबतो ते कागदावर लिहा. प्रत्येक ठिकाणासमोर लिहा, या वेळात माल सुधारतो का? "हो" असेल तर ते उद्यापासून ग्राहकाला दाखवा. "नाही" असेल तर तो वेळ कमी करा. तुमची यादी कमेंटमध्ये नक्की टाका!