लेकीचे माहेर आणि कायदा

लोधीखेडा मध्यप्रदेशात असले, तरी आपल्या सोयरिकी सावनेर, काटोल, नागपूरकडे होतातच. अशी लेक सासरच्या छळाने माहेरी परतली, की ‘तिकडच्या कोर्टाचे हेलपाटे कोण घालणार?’ असे म्हणून वडीलमंडळी गप्प बसतात. ही समजूत बरोबर नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. पीडित स्त्री जेथे राहते, मग ते तात्पुरते माहेर का असेना, तेथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो. त्यांचा आदेश भारतभर चालतो. केवळ मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, धमकी, पैशाची अडवणूक हीही हिंसाच होय. घर नवऱ्याच्या नावावर असले, तरी कायद्याची रीत सोडून तिला तेथून काढता येत नाही. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्यास खबर द्यावी. ती सद्‍हेतूने दिली असेल, तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. दूरध्वनीवर १८१ ही महिला मदतसेवा आहेच.

लेक दारी आली, तर ‘परत नांदायला जा’ म्हणण्यापूर्वी एवढे तिला अवश्य सांगावे.